सातवं नाव

"चप्पल तिथं काढ, माय. हे बूट घाल."

दीड वर्षानं लेकीच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य हे. मंजुळाबाईनं रबरी बुटांत पाय घातले, लुगडं जरा वर खोचलं आणि ओल्या फरशीवरून ती वर्षाराणीच्या मागं निघाली. कमरेच्या पिशवीत घडी केलेला अर्ज होता.

अर्ज गावचे पुढारी सुंदररावांनी टाइप करून आणला होता. पालीच्या शिवारात, धरणाच्या अंगाला उघडलेली ही बिअरची भट्टी बंद करण्यासाठी बायकांचं मतदान घ्यावं, असा. खाली बायकांच्या सह्यांसाठी ओळी आखलेल्या. पहिली ओळ मंजुळाबाईची. ती भरल्याशिवाय गावातली एकही बाई पेन हातात धरणार नाही, हे सुंदररावांना पक्कं ठाऊक होतं. आधी डोळ्यांनी बघते, मग सही, असं ती म्हणाली, म्हणून त्यांनी पुतण्या रविराजला गाडी घेऊन सोबत धाडलं. तो बाहेर गाडीतच बसून होता.

एकोणीस वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान मंजुळाबाईनंच बंद पाडलं होतं. मतदान फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. तिचा नवरा उत्तरेश्वर थेंबाला शिवणारा नव्हता. पण दुकान शाळेच्या वाटेवर होतं आणि एकेक करून गावच्या पोरी घरी बसल्या होत्या. वर्षा तेव्हा दहाची. त्या साली मंजुळाबाई ऊसतोडीला गेलीच नाही. दारोदार हिंडली, पायताण झिजवलं, सही करायलाही तेव्हाच शिकली. बाटली आडवी झाली. पोरी पुन्हा शाळेच्या वाटेला लागल्या. वर्षा तर रसायनशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचली, पुण्याला नोकरीला गेली, आणि परत आली ती ही भट्टी चालवायला. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं तुटलं होतं.

आत उंचच उंच स्टीलच्या टाक्या होत्या. एका टाकीखाली आच होती, वरून वाफ निघत होती आणि गुऱ्हाळात येतो तसा गोड, जड वास दाटला होता. मंजुळाबाई पोत्यापाशी थांबली. मोड आणून वाळवलेली ज्वारी. तिनं मूठभर उचलली, एक दाणा दाताखाली फोडला.

"मोड लांबलेत," ती म्हणाली. "अर्धा दिस आधी काढाय पायजे हुते."

"मलाबी तसंच वाटलं," वर्षा म्हणाली.

वर्षानं एका डब्यातून सुकलेली हिरवी फुलं काढून आईच्या तळहातावर ठेवली. कागदासारखी पातळ, आत पिवळी भुकटी. थंड मुलखातल्या वेलीची फुलं, हॉप्स म्हणतात त्यांना, असं तिनं सांगितलं. उकळी येताच टाकली की कडूपणा उतरतो, शेवटाला टाकली की वास. इथली बिअर त्या कडूपणासाठीच नावाजलेली होती. पुण्याहून, संभाजीनगरहून लोक गाड्या काढून यायचे आणि आणखी कडू नाही का, म्हणून विचारायचे.

मंजुळाबाईनं फूल चुरडलं, हुंगलं. कडुलिंबाच्या मोहोरासारखं काहीतरी. वर्षानं पळीभर रस गार करून पुढं केला.

"ही अजून दारू न्हाई. नुसतं ज्वारीचं पानी हाय."

तिनं जिभेवर धरला. आधी गोड, मग घशाशी कडूजार. पालीतल्या बायका लिंबाखाली बसून म्हणायच्या ती ओवी उगाचच मनात उठली:

कडू कडू म्हनू नगा, दारी लिंबाचा गं पाला
उनाच्या वाटसराला, त्याचाच इसावा झाला

पण ती ओवी तिनं ओठांवर येऊ दिली नाही. पिशवीतून अर्ज काढून लेकीपुढं धरला.

वर्षानं उभ्यानंच वाचला. तिचा चेहरा हलला नाही.

"तू बाटली आडवी केलीस म्हनून मी शाळा शिकले. शाळेनं शिकवलं तेच करते. चोरून न्हाई करत."

"चोरून करते आसं म्या कवा म्हनलं?"

"मग कर सही. पन यात एकच नाव हाय, माय. रस्त्यावरच्या सहा परमिट रूम कुटं हायत?"

त्या सहांसाठी मंजुळाबाईनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा सुंदररावच आडवे आले होते, पोरांच्या रोजगाराचं कारण सांगून. त्या सहांतल्या दोन रविराजच्या नावावर होत्या.

तिनं रविराजला हाक मारली आणि आत आल्यावर त्याच्या खिशातला पेन मागून घेतला. सही होणार म्हणून तो खुशीत होता. पेन तिनं लेकीच्या हातात दिला.

"लिही. शिवारातली एकबी सोडू नगंस. ह्याच्या दोनीपासून सुरू कर."

रविराजचं हसू जिथल्या तिथं राहिलं. "मावशी, हे कावून? काकांनी एवढा सरळ अर्ज करून दिला."

"सरळ हुता तर तुमीच करायची सही."

मग त्यानं बरंच ऐकवलं. लेकीसाठी गावाशी दगा करतेस, म्हणाला. काका काय म्हणतील, म्हणाला. गाडी निघाली तर चालत जावं लागेल, हेही सांगून झालं. मंजुळाबाईनं त्याला पेनाचं टोपण परत दिलं, हरवू नये म्हणून. थोड्या वेळानं बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

वर्षानं सहा नावं लिहिली. सातव्यापाशी पेन थांबला.

"हे छापलंय की वर."

"हातानं लिही. पुरं लिही. मंजुळानं लेक झाकली, आसं उद्या कुनी म्हनाय नगं."

वर्षानं लिहिलं. अक्षर जराही कापलं नाही. मंजुळाबाईनं पहिल्या ओळीवर सही केली. 'ळा' ओळ सोडून खाली लोंबला.

"मतदानाला ये," ती म्हणाली. "यादीत तुजं नाव हाय."

"मी उभ्या बाटलीवर शिक्का मारीन, माय."

"मार की. म्या कुटं हात धरते?"

टाकीवरची घंटी वाजली. शेवटच्या फुलांची वेळ झाली होती. वर्षा शिडी चढून गेली, आणि वाफेत तिचा नुसता हात दिसत राहिला, फुलं सोडणारा.

भर दुपारी मंजुळाबाई रस्त्यानं निघाली. पहिल्या परमिट रूमपुढं थांबून तिनं अर्ज उलगडला. कागदावरच्या नावाखाली बोट धरलं आणि वरच्या पाटीशी एकेक अक्षर जुळवू लागली. नाव चुकलं की अर्ज परत येतो, हे तिला ठाऊक होतं. टेबलावरची माणसं बोलायची थांबली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं वरूनच पाणी प्यायलं, मान हलवली आणि दुसऱ्या पाटीकडं चालू लागली.

सहा नावं तिनं जुळवून घेतली. सातव्याखाली बोट नेलं, क्षणभर ठेवलं आणि घडी घातली.