धावड्यातला आवाज

पाहुण्यांच्या पायात काटा मोडू नये म्हणून मुंजाजीनं वाटेवरचं गवत पेटवलं. अक्कल गहाण टाकणं म्हणतात, ते असं! उन्हाळ्यात साखरा गावातले लोक शेतांचे धुरे-बांध जाळतात, त्याच सवयीनं त्यानं काडी ओढली. लिंबाचा टहाळा घेऊन तो जाळामागं चालला होता, तोच वारं फिरलं अन् जाळ टेकडीकडं वळला.

टेकडीवरच्या धावड्याच्या झाडांत लेकीचा सिकाडा किडा होता. आकांक्षा लहान असताना मुंजाजीच तिला म्हणाला होता, "ऐक, बाकीचे किडे एकसारखे किरकिरतात. हे बेनं दोनदा वरडतं, दम घेतं, पुन्यांदा दोनदा." पोर शिकली, त्याच आवाजामागं हिंडली. मागच्याच महिन्यात तिचा शोध छापून आला: जात नवी, अजून दुसरीकडं कुठंच सापडलेली नाही. उद्या विद्यापीठाचे लोक बघायला येणार होते, अन् बाप निघाला वाट साफ करायला!

"आबा, काहून पेटवलं तुमी?" आकांक्षा धावत आली. "पिल्लं आत्ताच जमिनीतून निघून खोडावर चढून राहिली!"

मुंजाजी टहाळ्यानं जाळ झोडपायला लागला. पद्माबाई ओली गोणपाटं घेऊन आली. "बाजूनं हाणा! म्होरं नका जाऊ, लेकीचे बाप!" ती नवऱ्यावर ओरडली. तिघंही जाळावर तुटून पडली. मुंजाजीच्या भुवया करपल्या, तरी तो हटेना. खडकाळ नाल्याशी जाळ एकदाचा विझला. तोवर खालचे धावडे काळे पडले होते.

आकांक्षा नाल्यापलीकडच्या झाडांकडं कान लावून उभी राहिली.

"वरडून राहिला का? सांग की."

"तुमीच ऐका ना."

"मला त्यो बारीक आवाज न्हाई येत ऐकू. दोन सालं झाली."

आकांक्षा वळली. "मंग मी 'आला का आवाज?' विचारलं की रोज व्हय काहून म्हणत होते?"

"तुझं त्वांड पाहून."

तिचे डोळे भरून आले. हे रडणं कशाचं, ते मुंजाजीला कळेना. जीव मुठीत धरून तो तिच्याकडं बघत राहिला.

मग तिनं त्याचा राखेनं माखलेला तळवा हातात घेतला. त्यावर बोटानं दोनदा टकटक केलं. थांबली. पुन्हा दोनदा केलं.