पाटी न वाचता

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. माझे नाव ‘पाटी न वाचता’. माझे शेवटचे पान वीस वर्षे कुणाला दिसले नाही, त्याचीच ही हकिगत.

हिंदुराव नावाच्या भूगोलाच्या मास्तरांनी मला लिहिले. त्यांना भाऊबिजेसाठी साताऱ्याला बहिणीकडे जायचे होते. पुण्याहून तीन तासांचा रस्ता. पण मास्तरांच्या डोक्यात खूळ शिरले, की स्थानकात जी एसटी आधी लागेल तिच्यात पाटी न वाचता बसायचे, शेवटच्या थांब्याला उतरायचे आणि तिथून पुन्हा तेच. पहिल्या दिवशी ते भोरला पोचले आणि दुसऱ्या दिवशी परत पुण्यात, स्वारगेटला. करमाळ्यात एका लग्नघराने त्यांना वरपक्षाचे मामा समजून पंगतीत बसवले, आणि मामांनीही जिलबीला नाही म्हटले नाही. कंडक्टर चिडून विचारायचा, “पाटी वाचता येत नाही का?” मास्तर म्हणायचे, “येते. पण वाचायची नाही.” असे एकोणीस दिवस चालले.

एक्क्याण्णव साली छापून झाल्यावर मी बुधवार पेठेत श्रीधरपंतांच्या वाचनालयात आलो. खाली रेडिओच्या सुट्या भागांचे दुकान, वर आम्ही. कपाटावर पंतांची पाटी होती : ‘पुस्तकात लिहू नये. लेखकाने पुरेसे लिहिले आहे.’ मला मागणी फार. लोक जिन्यातच वाचायला लागत आणि हसता हसता पायरी चुकत. दोन वर्षांत माझी शिवण उसवली, तेव्हा पंतांनी मला बाइंडरकडे धाडले. त्याने घाईत खळीचा हात जरा सढळ फिरवला, आणि माझे शेवटचे पान अस्तराच्या कागदाखाली पुठ्ठ्याला चिकटून बसले. पंतांना वाटले, कुणीतरी फाडून नेले. त्यांनी आत चिठ्ठी डकवली : ‘शेवटचे पान नाही. ज्यांनी नेले त्यांना तरी शेवट कळला असेल.’

पान माझ्यापाशीच होते, मित्रांनो. पण माझे ऐकणार कोण?

त्यानंतर मला रतन घेऊन गेले. ते पोस्टात सॉर्टिंगला होते. दिवसभर हजारो पत्ते वाचायचे आणि प्रत्येक पत्र बरोबर खणात टाकायचे, हे त्यांचे काम. चुकायची सोय नव्हती. अशा माणसाला हिंदुरावांचे चुकत जाणे इतके का आवडावे? मला वाटते, म्हणूनच आवडले. मोठमोठ्या प्रवासांची वर्णने वाचून माणूस थक्क होतो, पण कुणी खुळ्यासारखा भटकला की त्याला वाटते, अरे, हे तर मलाही जमेल.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली की रतन मोठ्याने वाचत. त्यांच्या पत्नी कांताबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. घसा बसलेला, पाय दुखणारे, पण जिलबीचा प्रसंग आला की “अहो, थांबा, थांबा” म्हणत पदराने डोळे पुसायच्या. छोटी दीक्षा पालथी पडून ऐकायची. शेवट नसल्यामुळे प्रत्येकाने आपापला केला होता. रतन म्हणत, मास्तर पोचले, बहिणीने ओवाळले. दीक्षा म्हणे, ते अजून बसमध्येच आहेत. कांताबाई म्हणत, “बहीण काय वाट बघत बसणारी होय? तीसुद्धा भावाला शोधायला निघाली, पाटी न वाचता.” यातला एक शेवट अगदी बरोबर होता. तो ऐकताना मी मनातून उसळत असे.

“कांता, रिटायर झालो की आपणही असंच जायचं,” रतन म्हणायचे. “तुम्ही पाटी न वाचता बसाल? पोस्टमास्तर!” कांताबाई हसायच्या.

पुढे वाचनालयाच्या जागी कॉम्प्युटर क्लास आला. श्रीधरपंतांनी मला रतनच्या हातात ठेवले. “न्या. तसंही हे राहायचं तुमच्याकडेच. इथं नुसती तारीख टाकून घ्यायला यायचं,” म्हणाले आणि पाठ फिरवून कपाट पुसू लागले. ते कपाट त्यांनी त्या दिवशी चारदा पुसले.

मग धायरीतला फ्लॅट आला, घरात कॉम्प्युटर आला. त्याचा पडदा बुटका पडत होता, म्हणून मला त्याच्याखाली सरकवण्यात आले. एके काळी लोक माझ्यासाठी नंबर लावत, आता फक्त माझी जाडी कामाला येत होती. मी रुसलो नाही असे म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यावर बसून दीक्षाने अभ्यास केला, खराडीच्या कंपनीत नोकरी मिळवली, याचा अभिमानही वाटायचा.

रतन निवृत्त झाले. “तुझीही दोन वर्षं जाऊ दे, मग निघू,” ते म्हणाले. ती दोन वर्षे कांताबाईंना मिळाली नाहीत.

त्यानंतर रतन खालच्या दुकानापर्यंतही जाईनात. दीक्षा सहलींची पत्रके आणायची, ते बाजूला ठेवायचे. “पप्पा, असं किती दिवस घरात बसणार? डॉक्टर पण म्हणाले ना, डेली बाहेर पडा!” ते म्हणत, “जायचं कुठं?” हा माणूस आता हसायचाच नाही की काय, या भीतीने मी पानापानांत गारठलो.

एका रविवारी दीक्षाने कॉम्प्युटरचा जुना पडदा काढला आणि मी हाती लागलो. इतक्या वर्षांच्या उष्णतेने खळ सुकून अस्तराला तडा गेला होता.

“पप्पा, इथे खाली काहीतरी प्रिंटेड आहे!”

रतननी मला उजेडात धरले. मग उठले, चहाचे पातेले चढवले आणि माझा पुठ्ठा वाफेवर धरला. “चिकटलेलं असंच सुटतं,” ते पुटपुटले. “नोकरीत केलं असतं, तर सस्पेंड झालो असतो.” किती दिवसांनी ते एवढे बोलले होते! अस्तर अलगद सुटले. दीक्षा वाचू लागली :

‘एकोणिसाव्या दिवशी साताऱ्याला पोचलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ताई तुम्हाला शोधायला गेल्या, जी गाडी आधी लागेल तिच्यात बसते म्हणाल्या. मी पायरीवर पिशवी ठेवली. मग उचलली आणि पुन्हा स्टँडकडे निघालो.’

“कांता बरोबर होती,” रतन म्हणाले आणि हसले. हसता हसता रडले, आणि दीक्षानेही त्यांना थांबवले नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही तिघे स्वारगेटला होतो. एक गाडी लागली. चाळीस वर्षे पत्ते वाचलेल्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून रतननी चष्मा काढून माझ्या पानांत ठेवला. दीक्षाने मान खाली घातली.

“कुठं?” कंडक्टरने विचारले.

“ही जाईल तिथं. दोन द्या.”

मित्रांनो, पुस्तकांना उशाखाली घ्या, हातात घ्या, पण कशाच्या तरी खाली घालून विसरू नका. आणि कुणाबरोबर कुठे जायचे ठरले असेल, तर निघा.

मी पिशवीतून अर्धा बाहेर डोकावत होतो. गाडीची पाटी मी एकट्यानेच वाचली. पण मी सांगणार नाही.