तंतोतंत नकाशा

आत्याचं दुकान गेलं, तराजू गेला, पण माणूस जोखायची खोड काही गेली नाही. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं, हा तिचा जुना नेम. उधारी मागताना तोंड साखरेसारखं गोड होतं. पायांना सोंग आणता येत नाही.

लढाईने गाव उठवलं तेव्हा ती भाचीला, म्हणजे भिंगरीला, घेऊन या छावणीत आली. भाऊ मागेच राहिला. "बाबा दुसऱ्या छावणीत आहेत," असं तिने पोरीला सांगून ठेवलं होतं. खरं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

छावणीच्या टोकाला कापसाचं रिकामं गोदाम होतं. तिथे कुठल्याशा संस्थेने शाळा काढली. जमिनीवर सतरंज्या, भिंतीला टेकवलेला फळा, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अजून कापसाचे पुंजके. गणिताच्या बाई रोज चालत यायच्या आणि दारातच चपलांचा चिखल खरवडायच्या. भूगोलाचे मास्तर मात्र आठवड्यातून एकदाच उगवायचे, आणि त्यांचे बूट आरशासारखे लखलखीत.

"याला कुणीतरी दारापर्यंत आणून सोडतं बघ," आत्या गावच्या सुतारकाकांना म्हणाली.

"सोडू दे की. पोरांना शिकवतो ना?"

"शिकवतो कुठे? विचारतोच जास्त."

"तुला देवाने जरी वाण दिलं तरी तू वजन करून घेशील," सुतारकाका म्हणाले, आणि वर्ग बघायला खिडकीशी उभे असलेले सगळे हसले. आत्याही हसली.

त्या दिवशी मास्तरांनी कोरे मोठे कागद वाटले. "आपापल्या गावाचा नकाशा काढा. घर, शाळा, आणि जिथे जिथे तुम्ही हिंडलात त्या सगळ्या वाटा. ज्याचा नकाशा तंतोतंत, त्याला शहरातल्या शाळेत जागा. राहणं, जेवणखाण, पुस्तकं, सगळं संस्थेकडे."

मग काय विचारता! पोरं पालथी पडून कामाला लागली आणि खिडकीत सगळी छावणी गोळा झाली. गाव जळून बेचिराख झालेली माणसं ती. कुणी नुसतं विचारलं तरी पुरे होतं, "तुमचं घर कुठे होतं?"

"अरे गाढवा, पाणवठा शाळेच्या मागे!" सुतारकाका ओरडले. "तिथे मी तुझ्या बापाला पोहायला शिकवलं!"

"तो बुडाला होता, काका," खिडकीतून कुणीतरी आठवण दिली.

"बुडाल्याशिवाय कुणी शिकतं का?"

भिंगरीचा हात झरझर चालत होता. ओढा, पूल, चिंचेची रांग. गावाबाहेरची बंद पडलेली वीटभट्टी आली तशी ती अडली. आत्याला राहवलं नाही. दुकानाचा माल डोक्यावर घेऊन ती कैक वेळा तिथून आली होती.

"पुलावरून नाही गं बाई! पुलाच्या अलीकडे उतरायचं, करवंदीच्या जाळीतून. वरून दिसत नाही ती वाट. हां, तश्शी."

मास्तर मागे येऊन उभे राहिले. "वा! दिसत नाही म्हणता?"

"त्या गावच्या माणसाशिवाय कुणाला सापडणार नाही," आत्या म्हणाली. आणि फुशारकीने म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टँकरवाल्याने नळी लावता लावता तिला बाजूला बोलावलं. हा माणूस गावाकडच्या रस्त्यांवर ये-जा करायचा.

"आत्याबाई, तोंडावर हसू आणू नका, कुणीतरी बघेल. तुमचा भाऊ जिवंत आहे."

आत्याने हंड्याचा काठ घट्ट धरला.

"जुन्या वीटभट्टीत लपलाय. सोबत आणखी गावकरी आहेत. बंदूकवाले त्यांच्या मागावर आहेत, पण भट्टीकडची वाटच त्यांना सापडत नाहीये. ओढ्याचं पाणी ओसरलं की ही मंडळी इकडे येतील."

आत्याला एकदम पोरीच्या कागदावरची करवंदीची वाट आठवली. गणिताच्या वह्या तपासून परत येतात, बरोबरच्या खुणा घालून. नकाशे? नकाशा एकाही पोराला परत मिळाला नव्हता.

मास्तर आले तशी ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरीचा कागद द्या हो जरा. चूक झालीय त्यात."

"कागद वर गेले. तपासायला."

"वर म्हणजे कुठे?"

"वर," मास्तर म्हणाले. "कसली चूक?"

"वाट चुकलीय. भट्टीची. मीच चुकीची सांगितली, म्हातारपण. ती वाट भट्टीला जातच नाही, दलदलीत जाते. माणूस गेला तर रुतून मरेल."

मास्तरांनी तिच्याकडे निवांत पाहिलं. "मग पोरीची जागा जाईल."

"जाऊ द्या."

भिंगरी सतरंजीवरून ताडकन उठली. "आत्या! तूच सांगितलीस ना? मला आठवतंय, आपण गेलोय तिथून! खोटं का बोलतेस?"

"गप बस."

"तुला मी जायलाच नकोय शहरात! भाकऱ्या बडवायला कोण राहील म्हणून!"

आत्या पाठ फिरवून बाहेर पडली. पोरगी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आत्याने टँकरची वाट पाहिली. टँकर आला, पण चालवणारा दुसराच होता. "आधीचा कुठे गेला?" तिने विचारलं. नव्या माणसाने खांदे उडवले.

मग एका सकाळी मास्तर ठरल्या वाराच्या आधीच हजर झाले.

"भिंगरी कुठे आहे?" ते हसत म्हणाले. "ऊठ. शहरातली जागा तुझी. सगळ्यांत अचूक नकाशा तुझा निघाला."

पोरीने किंकाळी फोडली, आत्याच्या गळ्यात पडली, सगळा अबोला एका मिठीत विसरली. खिडकीत टाळ्या वाजल्या. आत्याचे हात मात्र बाजूला लोंबत राहिले.

"मी तर चुकीचा म्हटला होता," ती म्हणाली.

"तुमची आठवण पक्की आहे, आत्याबाई. उगीच भ्यायलात. इंचाचा फरक नाही."

"कुणी बघितलं?"

मास्तर कागद वाटायला वळले होते. आत्याची नजर सवयीने खाली गेली. बूट आजही पुसलेले होते, पण टाचेच्या शिवणीत विटेची लाल भुकटी बसली होती. छावणीची माती काळी.

"आज ओढ्यापलीकडच्या गावाची पाळी," मास्तर म्हणाले. "डोंगरातल्या वाटासुद्धा. घाई नको."

पोरं पालथी पडली. खिडकीत रेटारेटी झाली. ओढ्यापलीकडे सुतारकाकांचं आजोळ. ते कमरेपर्यंत आत वाकले होते.

"गुहेच्या डाव्या अंगाने काढ रे! तिथून एक चोरवाट..."

भिंगरीला बाजूला सारून आत्या धावली आणि तिने दोन्ही हातांनी सुतारकाकांचं तोंड दाबून धरलं. खिडकी खदखदून हसली. आत्या थट्टेखोर, हे सगळ्यांना माहीतच होतं.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "भिंगरी, आता छावणीचा नकाशा काढ. तुझी ही आत्या कुठे झोपते, बाळ?"