आरशासारखा पंप

काही बोटींना मागे पंखा नसतो. पोटातला पंप खालून पाणी ओढतो, मागे जोरात फेकतो आणि बोट पुढे पळते. ताईने तयार केलेला असा पंप वेगात शहाण्यासारखा चाले. पण धक्क्यावरून हळूच निघायचं म्हटलं, की त्याला हुडहुडी भरायची.

कारण साधं होतं. हळू चालताना पंपात पाणी कमी येतं. मग त्यातलं थोडं भिंतीलगत उलटं वळतं आणि गोल गोल फिरत बसतं. शाळेच्या दारात चार मुलं उलटी फिरली, की मागून येणाऱ्यांची जी गत होते, तीच पाण्याची होते. या फिरस्त्यांना अडवायला ताईने पंपाच्या तोंडाशी, आतल्या भिंतीत, आठ सरळ खाचा पाडल्या.

त्या दिवशी चार वाजता बोटमालक पंप बघायला येणार होता. पंप थरथरला, तर सहा बोटींचं काम दुसरीकडे जाणार आणि ताईची तीन वर्षांची मेहनत भंगारात.

सकाळी पंप जोडला बाबांनी. बाबा म्हणजे ताईचे वडील आणि ती काम करत होती त्या वर्कशॉपचे सगळ्यात जुने फिटर. घासून गुळगुळीत करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुपारी चाचणी झाली. पंपावर ठेवलेला बाबांचा चष्मा चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला.

"गणित चुकलं असेल," चष्मा पुसत बाबा म्हणाले. "चौथीतही हातचा विसरायचीस."

ताईने गणित तीनदा तपासलं. मग पंपाच्या तोंडात बॅटरी धरून डोकावली. आत तिला स्वतःचं नाक दिसलं.

"बाबा, खाचा कुठे गेल्या?"

"त्या होय? बुजवल्या. पुट्टी भरून घासून टाकलं. कुणी गाढवाने ओरबाडलं होतं. नाव विचारलं नाही. उगाच कुणाची नोकरी जायची."

"मी पाडल्या होत्या."

"मग तर बरंच झालं. तुझी वाचली."

"सव्वादोन वाजलेत. काढा ती पुट्टी."

"निघायची नाही. मी भरलीय."

"मग तुम्हीच काढू शकाल."

स्वतःचाच दात उपटावा तसं तोंड करून बाबा दीड तास खरवडत बसले.

चार वाजता पंप हळू चालवला. बाबांनी चष्मा वर ठेवला आणि हात खाली धरून उभे राहिले. चष्मा जागचा हलला नाही.

"चालू आहे ना?" बोटमालकाने पंपाला हात लावून विचारलं. मग सहा बोटींचं काम पक्कं केलं. जाता जाता बंद पंपाच्या तोंडात वाकून तो म्हणाला, "बाकी काम आरशासारखं. एवढ्या खाचा तेवढ्या घासायच्या राहिल्या वाटतं."

"मुद्दाम ठेवल्यात," बाबा म्हणाले. "ज्यांना यातलं कळत नाही, ते लोक बुजवतात."

ताई छताकडे बघत राहिली.