न विचारलेला पत्ता

"गळा आवळू नकोस तिचा," मामा म्हणाले आणि समोर बसलेल्या मुलाच्या हातातला चार्जर त्यांनी काढून घेतला. "वायर तुटते ती इथं, मानेपाशी. ठोकळ्याभोवती आवळून बांधली की गेलीच समज. आधी एक वेढा सैल सोडायचा. असा. मग बाकीची गुंडाळायची. गळ्यात मफलर घालतो तशी. फास नाही लावायचा."

"मामा, मामींना तरी एवढं जपता का?" खिडकीजवळून वकीलबाईने विचारले.

"ते तिलाच विचार. पण तासभर हाताशी ठेवून जा. उत्तर लांबलचक आहे."

खोलीत हशा पिकला. वाचनालयाच्या मागच्या अंगाची ही खोली एके काळी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसाठी राखलेली होती, आणि शाई व वाळवी यांचा संमिश्र वास तिने अजून सोडला नव्हता. आता तेथे लांब टेबलांवर लॅपटॉप मांडलेले असत. ज्यांना घर नाही, ज्यांची शाळा सुटली आहे किंवा सुटू घातली आहे, अशी मुलेमुली दुपारनंतर येथे येत. जागा वाचनालयाची, मुलांना शोधून आणणारी एक संस्था, वापरून बाजूला टाकलेली यंत्रे एका कंपनीची, इंटरनेटच्या डोंगलांचा खर्च एका बिल्डरचा, आणि त्या यंत्रांत पुन्हा जीव घालण्याचे काम मामांचे. या सगळ्याला मामांचा भाचा 'भागीदारी' म्हणे. तो त्या कंपनीत समाजकार्याचा विभाग सांभाळी, आणि ही मोट त्यानेच बांधली होती. वडील गेल्यावर तो मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात, सोल्डरच्या धुरात अभ्यास करून मोठा झाला. तो दिवसभर 'मामा, मामा' करी म्हणून गल्लीही त्यांना मामा म्हणू लागली, आणि पुढे या खोलीने तेच नाव उचलले. भाच्याचा मामांना अभिमान होता. मामा तो उघड बोलून दाखवत नसत. मात्र कोणाच्याही बिघडलेल्या कीबोर्डची गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली, की फिरत फिरत भाच्यावर येऊन थांबे.

खोलीला नियम एकच होता आणि तो मामांनी घातला होता. रात्री कुठे असता, हे येथे कोणी कोणाला विचारायचे नाही. संस्थेच्या लोकांना तो पटला नव्हता. विचारल्यावाचून मदत कशी करणार, असा त्यांचा मुद्दा. मामांचे म्हणणे असे की, जिथे दाराला कडी नाही तिथे ती जागा कोणाला ठाऊक नसणे हीच कडी. वाद बराच चालला. नियम टिकला, आणि नियमामुळे मुलेही टिकली.

वकीलबाईला हे नाव मुलांनी दिले होते, कारण 'बस' म्हटले तरी ती 'का' असे विचारल्याखेरीज बसत नसे. वय सतरा-अठरा. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम मिळावे म्हणून तिला तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. यंत्रे सोबत नेण्याची परवानगी मुलांना मिळाली, त्या दिवशी तिने आपला लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला.

"यात पुस्तकं सोडून आणखी काय आहे?"

"जुने पेपर आहेत, उत्तरांसकट. पण उत्तरं आधी बघायची नाहीत."

"ते नाही हो. मी इकडं वाचत बसले असताना हे माझ्या पाठीमागं कुणाला काही सांगतं का?"

मामांचा हात क्षणभर थांबला. थोड्याच दिवसांपूर्वी भाच्याने एक लहानसा प्रोग्राम आणून दिला होता. "मामा, हा सगळ्यांत टाका. मशीन चोरीला गेलं तर सापडेल. नाही गेलं तर गप झोपून राहील आत." मामांनी तो टाकला होता. हे सांगावे तर मुलीला वाटणार की चोरीचा संशय तिच्यावर आहे. आणि न सांगितल्याने कोणाचे काय बिघडणार आहे? एवढा विचार त्यांनी घाईघाईने उरकला.

"कुणाला काही सांगत नाही," ते म्हणाले. "माझा शब्द."

"शब्द म्हणजे पुरावा नव्हे," ती म्हणाली. पण म्हणताना हसली, आणि लॅपटॉप पोटाशी धरून निघून गेली.

आठवड्यातून एकदा मामा यंत्रांचे पंखे साफ करीत. कोणाच्या पंख्यातून सिमेंटची भुकटी निघे, कोणाच्या पंख्यातून कुत्र्याचे केस. वकीलबाईच्या पंख्यातून लाल मखमलीची लव निघू लागली. चौकापलीकडे एक चित्रपटगृह कैक वर्षे बंद पडलेले होते. तेथल्या लाल खुर्च्या मामांना चांगल्या परिचयाच्या होत्या. लग्नानंतर मामींना घेऊन ते पहिल्यांदा गेले ते तिथेच. त्यांनी ती लव ब्रशने गोळा केली, चिमटीत धरली आणि खिडकीबाहेर फुंकून टाकली. आपल्याला काही कळले आहे, हेही त्यांनी मनातून काढून टाकले. मामींना सांगितले नाही. भाच्याला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता.

भागीदारीच्या वर्धापनाचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात झाला. मुलांना बोलावले नव्हते. एवढ्या मोठ्या लोकांत त्यांना अवघडल्यासारखे होईल, असे भागीदारांनी ठरवले होते. भाचा सुरेख बोलला. शेवटी त्याने पडद्यावर शहराचा नकाशा आणला.

"हा प्रत्येक ठिपका म्हणजे आपलं एक मूल," तो म्हणाला. "दुपारी सगळी इथं, आपल्याजवळ. आणि रात्री अभ्यास करताना ती कुठं असतात, ते बघा."

वाचनालयावर एकवटलेले ठिपके नकाशाभर पांगले. पुलाखाली, मंडईच्या मागे, गोदामांच्या रांगेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक ठिपका चौकापलीकडे जाऊन बसला, आणि मामांच्या बोटांना ती लाल लव पुन्हा लागल्यासारखी झाली.

पहिल्या रांगेतला बिल्डर पुढे झुकला. "हा कुठला हो?"

भाच्याने तत्परतेने नकाशा मोठा केला. आधी रस्ते दिसले, मग घरे, मग एक लांबट गंजलेले छप्पर.

"अरे, ही तर आमचीच जागा," बिल्डर म्हणाला. "नुकतीच घेतली." त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होते. भाचा हसला, त्याच्यामागून सभागृहही हसले.

मामा उठायला निघाले. काय बोलायचे ते त्यांच्या ओठांवर तयार होते. पण नेमक्या त्याच वेळी भाच्याने व्यासपीठावरून त्यांच्याकडे हात केला. "आणि हे सगळं ज्यांच्या हातून झालं, ते माझे मामा." टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा उभे राहिले ते नमस्कार करण्यासाठी, आणि नमस्कार करून खाली बसले.

जिन्यात त्यांनी भाच्याला गाठले. "तो नकाशा पुसून टाक. आजच्या आज."

"हो मामा, बघतो उद्या," भाचा म्हणाला. तो कोणाचे तरी अभिनंदन स्वीकारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रपटगृहाच्या दारांवर पत्रे ठोकले जात होते. बाहेर फुटपाथवर चटया, एक पातेले, दोन उशा आणि प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकाचे सुटे झालेले भाग पडले होते. पहारेकरी त्यांवर पाय न देता, बाजूने जात होता. आजूबाजूला मुलांपैकी कोणी नव्हते.

मामा तडक भाच्याच्या ऑफिसात गेले.

"तू म्हणालास, चोरी झाली तरच ते जागं होईल."

"सुरुवातीला तसंच होतं, मामा. बसा तरी. नंतर वरून विचारणा झाली, की ही पोरं खरंच बेघर आहेत कशावरून? रात्री मशीन कुठं असतं ते दाखवलं, की प्रश्नच मिटतो. बेघर आहेत हे सिद्ध झाल्याशिवाय मदत कोण करतं?"

"म्हणजे त्यांना घर नाही हे दाखवण्यासाठी, होतं ते गेलं."

"मामा, ती इमारत पडायला आलीय. उद्या छप्पर अंगावर आलं असतं म्हणजे? एका अर्थी बरंच झालं. संस्थेला सांगून निवाऱ्यात सोय करतो त्यांची."

"त्यांना विचारलंस?"

"विचारायचं नाही, हा नियम तुमचाच ना?"

समोरच्याच्या बोलण्यातले कच्चे टोक शोधून तेवढेच ओढायचे, ही विद्या भाच्याला दुकानातल्या स्टुलावर बसवून मामांनीच दिली होती. ती त्याने चांगली आत्मसात केली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर टाकला असता का तुम्ही तो प्रोग्राम?"

"नाही."

"मग," भाचा म्हणाला, आणि हा शब्द त्याने इतक्या मऊपणे उच्चारला की मामांना त्याचे लहानपण आठवले.

दुपारी वकीलबाई आली. ती खोलीत शिरली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. खोलीत दुसरे कोणी आलेले नव्हते.

"पहारेकरी म्हणाला, लॅपटॉपवरून जागा कळली. बाकीचे म्हणतात, पत्रे ठोकणाऱ्यांना मी आणलं तिथं," ती म्हणाली. "बरोबरच आहे त्यांचं. मीच आणलं. पोटाशी धरून."

"मला ठाऊक नव्हतं गं. मला वाटलं, चोरी झाली तरच ते... मलाही फसवलंय."

"म्हणजे मामांनाच मामा बनवलं?"

"हो."

हे ऐकून ती नरमेल, अशी एक वेडी आशा मामांच्या मनात उभी राहिली. तिने थोडा वेळ विचार केला. ती नेहमीच विचार करून उत्तर देई.

"बनवलं असेल. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या भाच्याला नाही."

"काढून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर. परीक्षा तोंडावर आलीय, अभ्यास सोडू नकोस."

"काढाल हो तुम्ही. पण काढलंत हे मला कसं कळणार? मला यातलं काय समजतं? तेव्हाही तुम्ही असंच समोर बसून बोलला होतात."

मामांनी स्क्रूड्रायव्हर उचलला होता. तो त्यांनी परत ठेवला. कोणतेही यंत्र उघडून तिला दाखवता आले असते, पण तिला जे पाहायचे होते ते त्यात नव्हते.

"मग आता तू रात्री..." ते म्हणाले आणि गप्प झाले.

ती वाट पाहत होती. वाक्य पुरे होते की काय, याकडे तिचे बारीक लक्ष होते. मामांनी ते पुरे केले नाही. तिने हलकेच मान डोलावली, आणि लॅपटॉप व चार्जर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, फरशीवर ठेवले.

"पुढच्या हॉलमध्ये बसून पुस्तक वाचायला पत्ता लागत नाही ना?"

"नाही लागत."

"तुम्ही सांगताय, म्हणून तिथल्या बाईंना विचारून घेते," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

त्यानंतर बाकीची यंत्रे येऊ लागली. कोणी खोलीत आले नाही. मामा दुकान उघडायला जात तेव्हा पायरीवर एखादा लॅपटॉप ठेवलेला असे. कधी पिशवीत घातलेला, कधी फडक्यात बांधलेला. एकही यंत्र चोरीला गेले नाही. दुकानात जागा पुरेना तेव्हा मामांनी ती घरी आणून पलंगाशेजारी रचली.

"हे सगळं आपल्या उशाशी?" मामींनी विचारले.

"काही दिवस."

मामी आणखी काही विचारणार होत्या. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या चादर झटकू लागल्या.

संध्याकाळी मामा एकेक यंत्र चालू करून तपासत असताना भाच्याचा फोन आला.

"मामा, काहीतरी गडबड आहे. सगळे ठिपके एकाच जागी दिसतायत. तुमच्या घरावर."

"बरोबर दिसतायत."

"अहो, मग पोरं कुठं आहेत? पुढच्या आठवड्यात भागीदारांना हे दाखवायचंय. निदान प्रोग्राम तरी काढून टाका ना त्यातला."

"राहू दे. मी कुठं झोपतो ते दिसू दे तुझ्या भागीदारांना."

मग भाचा हळूच म्हणाला, "मामा, जेवायला येऊ का रविवारी?"

"मामीला विचार," मामा म्हणाले आणि फोन मामींच्या हातात देऊन पुन्हा जमिनीवर बसले.

आता चार्जर तेवढे पाहायचे राहिले होते. रागाने परत केलेल्या वस्तू कशा येतात, हे दुकानदार म्हणून ते जाणून होते. तुटलेल्या वायरी निवडून वेगळ्या काढण्यासाठी त्यांनी एक रिकामे खोके जवळ ओढून ठेवले. एक उचलला, दिव्याखाली धरला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मग वकीलबाईचा. खोके रिकामेच राहिले. प्रत्येक वायर मानेपाशी एक वेढा सैल सोडून, मग गुंडाळलेली होती.