अंबूताईंचा चौथा दिवस

सप्तापूरला मुकुंदराव वकिलांच्या घरी रोजची सकाळ अंबूताईंच्या ओल्या पावलांनी सुरू व्हायची. न्हाणीघरातून निघून त्या ओलेत्यानं थेट स्वयंपाकघरात शिरत आणि वाटेत कुणी शिवू नये म्हणून सगळं घर अंग चोरून उभं राहत असे.

अंबूताई वकिलांच्या थोरल्या बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या. केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, मूलबाळ व्हायचा प्रश्नच उरला नाही. उरली ती चूल. नैवेद्य असो की श्राद्ध, स्वयंपाक त्यांच्याच हातचा लागे. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सगळ्यांच्या शेवटी, भाताचा ढीग पुढं घेऊन. संध्याकाळी फराळ म्हणून साबुदाणा, केळी, गोड दूध. याला घरात तपश्चर्या म्हणत. शरीर सुटत गेलं तशी मुकुंदरावांना बहिणीच्या अंगलटीत घरची सुबत्ताच दिसे. डॉक्टरांनी साखरेचा आजार आणि रक्तदाब सांगितला, रोज चालायला सांगितलं. पण मडीतली, म्हणजे सोवळ्यातली बाई रस्त्यावर चालणार कशी? कुणी शिवलं तर? तेव्हा त्या चुलीपासून देवघरापर्यंत चालत राहिल्या.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा रक्त दिसलं. अंबूताई कुणाशी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर चूल गेली असती, आणि चूल गेल्यावर त्या घरात त्यांनी बसायचं कुठं? लाल आलवणावर डाग दिसत नाही. वर्षभर कुणाला कळलं नाही.

१९८३ च्या पितृपक्षात मुकुंदरावांच्या पत्नी विमलाबाईंना बंबामागं धुतलेल्या चिंध्या सापडल्या आणि घरात हलकल्लोळ झाला. अंबूताईंना झालंय तरी काय, हे कुणीच विचारलं नाही. किती नैवेद्य बाटले, याचा मात्र हिशेब लागला. पुरोहित बाळाचार्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. अंबूताईंनी तीन दिवस बाहेर बसावं, चौथ्या दिवशी न्हाऊन शुद्ध व्हावं. मागच्या पडवीत चटई पडली.

चौथा दिवस आला, पण रक्त थांबलं नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात झाली.

घरची सून मालती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं चित्त कशात लागेना. फळ्यावर लिहिता लिहिता ती थांबे, घरी आली की आधी पडवीत डोकावे. डॉक्टरांकडे नेऊ या, असं तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. वय झालं की असं होतंच, सुम्मनं, उगाचच डॉक्टर कशाला, असं विमलाबाईंचं म्हणणं. आधी वडिलांचं, अप्पांचं श्राद्ध होऊ दे, मग बघू, असं मुकुंदरावांचं.

श्राद्धाच्या दिवशी चूल मालतीकडे आली. नवरा कामासाठी परगावी होता. ती ओलेत्यानं वडे तळत होती. बाळाचार्य येऊन बसले होते. तेवढ्यात पडवीत अंबूताई उठल्या, भिंतीला हात लावला आणि तशाच खाली घसरल्या. विमलाबाईंनी लांबूनच पाण्याचा तांब्या सरकवला.

मालतीनं झारा खाली ठेवला, पडवीत गेली आणि अंबूताईंना दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

"मालती, शिवलीस?" विमलाबाई किंचाळल्या.

"होय, शिवले. आता माझ्या हातचं चालत नाही की. मी आत्यांना घेऊन हुबळीला जातेय."

मुकुंदराव पाटावरून अर्धवट उठले. "अप्पांचं श्राद्ध मोडतंय, कळतंय का तुला?"

"त्यांचं सर्वपित्रीला करता येतंय, मामंजी. आत्यांचंही करायची वेळ यायला पाहिजे का?"



हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतलं अस्तर काढून तपासणीला पाठवलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. त्यांनी मालतीला समजावून सांगितलं. पाळी गेल्यावरही अंगावरची चरबी स्त्रीरस, म्हणजे बायकांचं हॉर्मोन, तयार करत राहते, आणि त्यानं हे अस्तर वाढत जातं. लठ्ठपणा, साखर, रक्तदाब, मूल न झालेलं, अशा बायकांत हा आजार जास्त दिसतो. म्हणून पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी यायला हवं.

अंबूताईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे हा विटाळ नव्हता?"

"नाही आजी. आजार होता."

कॅन्सरचं नाव ऐकून न रडलेल्या अंबूताई तेव्हा रडल्या.

गर्भाशय काढलं, नंतर किरणांचे उपचार झाले. वर्षापूर्वी आल्या असत्या तर कदाचित नुसत्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं, आता खात्री देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी परतल्या तर चूल सारवून तयार. विमलाबाई हरखून सांगत होत्या, बाळाचार्यांनीच म्हटलंय, आता तो अवयवच गेला, विटाळ कधीच नाही, मडी पुन्हा तुमचीच. संताप यावा की कीव, हे मालतीला कळेना.

अंबूताईंनी चुलीकडं पाहिलं. "नको गं विमला. मला चालायला सांगितलंय."

त्यांनी मालतीच्या जुन्या वहाणा पायांत घातल्या आणि तिचा हात धरून रस्त्यावर आल्या. बाळाचार्यांच्या कट्ट्यावर त्यांची पत्नी कौसल्या भाजी निवडत बसली होती. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली. अंबूताई थांबल्या आणि भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "कौसल्या, पाळी गेल्यावर पुन्हा काही दिसलंय का तुला?"

आतून बाळाचार्यांचं पठण ऐकू येत होतं. कौसल्येनं दाराकडं पाहिलं, पदर घट्ट ओढला. पण ती नाही म्हणाली नाही.

आपल्या घरात चूल कोण सांभाळतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. तिला हा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारला आहे?

अंबूताईंनी हात पुढं केला. "ऊठ. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर."