दुखलं तर सांगा

माझ्या नवऱ्याला बिनमिठाचं सूप आवडतं, असं ते सांगतात. हे धादांत खोटं आहे. समुद्रातून वाकामे नावाचं खायचं शेवाळ ओढून काढायचं, उकळायचं आणि मिठात मुरवायचं, यात ज्या माणसाचा जन्म गेला त्याला भांडी विसळल्यासारखं पाणी आवडेल कसं? पण रोज सकाळी मी वाटी पुढे ठेवते, ते एक घोट घेतात आणि म्हणतात, "छान झालंय." ती वाटी त्यांच्या डोक्यावर पालथी घालावी असं मला वाटतं.

त्यांचं नाव तोकुजी. पण आमची माकी झाली तेव्हापासून मी त्यांना बाबा म्हणते आणि ते मला आई म्हणतात. माकी लग्न करून योकोहामाला गेली, तिची मुलं कॉलेजात गेली, तरी आम्ही एकमेकांचे आईबाबाच राहिलो.

गेल्या वर्षी बाबांचं बीपी कुठल्याच गोळीला जुमानेना. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की उजवी किडनी केव्हाच सुकून गेली आहे, आणि डावीला रक्त नेणारी धमनी आतून अरुंद होत चालली आहे. नळी घालून ती रुंद करायला डॉक्टर धजावत नव्हते. त्यासाठी रक्तात सोडावं लागणारं रंगाचं औषधच त्या उरलेल्या किडनीला सोसलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि डावीही गेली तर डायलिसिस. आमच्या कुरोसाकीत डायलिसिस होत नाही. म्हणजे दिवसाआड पहाटे उठून बस, मग दोन डब्यांची गाडी, मग पूल चढून पलीकडच्या फलाटावरून दुसरी गाडी, अर्धा दिवस यंत्राला बांधून घेणं आणि तोच रस्ता परत. हे मरेपर्यंत. स्पष्टच सांगते, बाबांच्या आधी मीच मेले असते.

म्हणून निइनुमा डॉक्टरांनी ध्वनिलहरींचं सांगितलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. हे डॉक्टर कोवळे, गाल लाल, माकीच्या थोरल्यापेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी काढून दाखवली.

"कापायचं नाही, टोचायचं नाही," ते म्हणाले. "पालथं झोपायचं. पाठीवरून आम्ही किडनीला लहरींच्या हलक्या टिचक्या मारणार. त्याने आत बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतील अशी आशा आहे. आशाच, हं. अजून अभ्यास चालू आहे. सहा वेळा यावं लागेल."

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखायला नको. चिमटा काढल्यासारखं वाटेल, तेवढंच. त्याहून जास्त दुखलं तर लगेच सांगा. आणि श्वास मात्र नेहमीसारखा चालू ठेवा."

बाबांनी मान लववली. "माझ्यामुळे आपल्याला उगाच त्रास," ते म्हणाले. त्यांचं ते ठरलेलं वाक्य आहे. दातांच्या डॉक्टरांनी दाढ उपटली तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

मग फेऱ्या सुरू झाल्या. ऐन वाकाम्याचा हंगाम होता. बससाठी उभं राहिलं की खालून धक्क्यावरच्या शेडमधून उकळत्या वाकाम्याचा वास यायचा आणि बाबा त्या दिशेला तोंड करून उभे राहायचे. शेजारचा चिबा होडीवरून ओरडायचा, "काय तोकुजी, आज पुन्हा शहरात? बाई ठेवलीस की काय?" बाबा हात हलवायचे. मला हसू येत नव्हतं, कारण माझे गुडघे त्या स्टेशनच्या पुलाचा विचार करत असायचे. तो पूल जिन्याचा आहे. लिफ्ट बसवणार बसवणार म्हणून फलक लागलाय, तो फलकही आता गंजला. वर चढताना बाबा कठडा धरायचे आणि मी बाबांना धरायची. आता मला कोण धरणार? रात्री माकीचा फोन आला की मी म्हणायची, "आम्ही मजेत आहोत. शहर बघून होतं."

हॉस्पिटलात मी पडद्याअलीकडे बसायची. पलीकडून यंत्राची टकटक ऐकू यायची, सुतारपक्षी लांबून झाड ठोकत असावा तशी. मधूनमधून डॉक्टर विचारायचे, "ठीक आहे ना, तोकुजी सान?" आणि बाबा म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे." मग मी डोळे मिटायची. तेवढीच माझी झोप.

चौथी फेरी झाली त्या संध्याकाळी मी बाबांची पाठ घासायला न्हाणीघरात गेले. एरवी ते माझी घासतात आणि मी त्यांची, पण या फेऱ्या सुरू झाल्यापासून ते "राहू दे, तू दमलीस" म्हणून एकटेच आंघोळ उरकत होते. मला ते बरंच पडत होतं. त्या दिवशी साबण संपला होता म्हणून मी नवी वडी द्यायला दार सरकवलं, आणि बघते तर डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग. कडा पिवळ्या पडलेल्या, म्हणजे आजचा नव्हेच.

"हे काय आहे?"

"काही नाही. दार लाव, गार वारा येतोय."

"बाबा, हे काय आहे?"

"उपचार आहे," ते म्हणाले. "थोडं लागणारच."

मी डागावर नुसतं बोट टेकवलं तर त्यांचे खांदे कानांपर्यंत गेले.

"थोडं? अहो, डॉक्टर तोंड फाटेस्तोवर सांगत होते, दुखलं तर सांगा म्हणून!"

"सांगून काय व्हायचं? तो पोरगा इतकं मन लावून करतो. आपण कण्हत बसलो तर त्याचा हात बिचकेल. आणि दुखतंय म्हणजे लागू पडतंय, एवढं तर मला कळतं. मी अजिबात हलत नाही, माहितीय? यंत्र सुरू झालं की श्वाससुद्धा रोखून धरतो. परवा म्हणाला, तोकुजी सान, तुमच्यासारखा शांत पेशंट नाही." हे सांगताना म्हातारा चक्क खूश दिसत होता.

मी साबण टबात भिरकावला आणि बाहेर आले. स्वयंपाकघरात उभी राहून मी खूप वेळ नळ सोडून ठेवला. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. श्वास चालू ठेवा असं ते सांगत होते, ते काहीतरी कारण असल्याशिवाय का सांगतील?

पुढच्या फेरीला गाडीत बसल्यावर बाबांनी मला बजावलं. "तिथे काही बोलायचं नाही. त्या पोराला वाईट वाटेल. वरचे लोक त्याला बोलतील."

"मला वाईट वाटतं त्याचं काय?"

"तू घरची आहेस," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघू लागले. स्टेशन येईपर्यंत आम्ही असेच बसलो होतो.

पडद्यापलीकडे बाबा पालथे झाले, तशी मी पडदा सरकवून आत शिरले. नर्स कान्नो सान "अहो आजी, आजी" म्हणेपर्यंत मी बाबांचा सदरा मानेपर्यंत वर केला होता.

"हे बघा, डॉक्टर. तुमचा शांत पेशंट."

निइनुमा डॉक्टरांच्या गालांवरचा लाल रंग उतरला. गेल्या दोन खेपांना बाबा आधीच सदरा जेमतेम वर करून, कडेला टॉवेल खोचून झोपत होते, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र पाठीवर टेकवलं. "तोकुजी सान, नेहमी पडता तसे पडा बघू."

बाबांनी छाती भरून हवा घेतली आणि रोखून धरली. यंत्राच्या पडद्यावरचा तो किडनीचा करडा घेवडा सरकन खाली घसरला आणि निशाणाच्या खुणेवर नुसती बरगडीची पांढरी रेघ उरली. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही दिसलं.

"श्वासाबरोबर किडनी वरखाली होते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मी सुरुवातीला शांत श्वासावर नेम धरतो. नंतर तुम्ही श्वास रोखत असाल तर... लहरी हाडावर जात होत्या. मी मधूनमधून पुन्हा पाहायला हवं होतं. तुम्ही ठीक आहे म्हणत होता म्हणून मी—" आणि ते कमरेत वाकले. अगदी खालपर्यंत.

ते पाहून बाबा घाईघाईने उठून बसले आणि उघड्या पाठीला जेल फासलेलं असतानाच तेही वाकले. "चूक माझीच. माझ्यामुळे आपल्याला उगाच त्रास."

"नाही नाही, माझीच."

"छे छे, माझी."

"पुरे!" मी इतक्या जोरात ओरडले की कान्नो सानच्या हातातली जेलची बाटली पडली. "माफ्या घरी जाऊन मागा! किडनी एकच उरलीय आणि चार फेऱ्या बरगडीला मालीश करून आलोय आपण. आता काय होणार, ते सांगा."

डॉक्टर सरळ झाले. "झालेल्या फेऱ्यांचा काही भाग लागला असेल, काही नसेल. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. हाड बरं होईल. हे सगळं मी आज वरिष्ठांना सांगणार आहे, पुन्हा पहिल्यापासून करू देतात का ते विचारतो. पण डाग टाळून, थोडं बाजूने आज करता येईल. एका अटीवर." त्यांनी बाबांना पुन्हा पालथं झोपवलं आणि त्यांच्या तोंडासमोर ते उकिडवे बसले. "दुखलं की दुखतंय म्हणायचं. आत्ता एकदा म्हणून दाखवा."

बाबांनी तोंड उघडलं. "म्हणजे तसं विशेष काही..."

"तसं नाही. दुखतंय."

"थोडंसं आपलं..."

"दुखतंय," कान्नो सान म्हणाली.

"दुखतंय!" मी म्हणाले.

त्या खोलीत आम्ही तिघं दुखतंय दुखतंय करत होतो आणि ज्याचं दुखत होतं तो गप्प. शेवटी उशीत तोंड खुपसून ते पुटपुटले, "दु... दुखतंय." आणि त्यांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. होडीच्या दोरात बोट अडकून तुटलं होतं तेव्हाही नव्हता.

यंत्र सुरू झालं. या वेळी मी पडद्याआड गेले नाही. टकटक, टकटक. बाबांची पाठ वर येत होती, खाली जात होती. मग एकदम आखडली.

"दुखतंय," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी यंत्राचं डोकं किंचित सरकवलं. "आता?"

बाबांनी उशीत तोंड आणखी खुपसलं. मला वाटलं, पुन्हा जुनं सुरू. "आता नाही," ते म्हणाले, आणि त्यांनाच नवल वाटल्यासारखं पुन्हा म्हणाले, "खरंच नाही." पडद्यावर घेवडा निशाणावर होता. माझ्या छातीतून इतका मोठा उसासा बाहेर पडला की कान्नो सानने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"आजी, बसा," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "इतक्या लांबून येता. पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं तर जवळ नातेवाइकांसाठी राहायची सोय आहे, ती बघू. तुम्हाला या फेऱ्या झेपतात ना?"

"हो हो, मला काय झालंय," मी म्हणाले. "मी ठीक आहे."

उशीतून आवाज आला. "तिलाही दुखतंय, डॉक्टर."

"बाबा, गप्प बसा."

"गुडघे. पुलावर तिला चढता येत नाही. मला धरते असं दाखवते, पण सगळा भार माझ्यावर टाकते. मला कळतं. विचारलं तर सांगणार नाही ती."

डॉक्टरांनी यंत्रावरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "कुठे दुखतंय?" त्यांनी विचारलं.

काही नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. मी दमले होते. त्या पुलाने, त्या सुपाने, मजेत आहोत म्हणून म्हणून मी पार दमून गेले होते. मी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "इथे."

यंत्र टकटकत होतं आणि बाबा श्वास घेत होते.